घराघरांत तंबोरा नेणारे विष्णु दिगंबर

मराठवाड्यातील कोणत्याही गावात, मग ते जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद असो की पैठणच्या वाटेवरची एखादी वाडी, अखंड हरिनाम सप्ताह बसला की वीणा उभी राहते. सप्ताह संपेपर्यंत ती खाली ठेवायची नाही, असा दंडक असतो. पहारा बदलला की एका विणेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पण तार छेडलीच जाते, मध्यरात्री मंडपात ऐकणारा कोणी नसला तरीही. सप्ताहाची वीणा गावाची. वारकऱ्याच्या घरातील एकतारी मात्र त्याची स्वतःची. वाळवलेला भोपळा, त्यात खोवलेली बांबूची काठी, वर एक खुंटी आणि एकच तार. आजोबांच्या मांडीवर बसलेले पोरही बोटाने ती वाजवू शकते. गोंधळ्याचे आणि शाहिराचे तुणतुणे तर याहून साधे. लाकडाचे पोकळ नळकांडे, तळाला ताणून बसवलेले कातडे, बाजूला काठी आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत गेलेली तार. खेड्यातल्या घराला तंतुवाद्याचे वावडे कधीच नव्हते.

वावडे होते ते शहरातल्या प्रतिष्ठित घराला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्या-मुंबईतील शिकलेल्या कुटुंबात तंबोरा किंवा सतार दिसणे ही अपवादाची गोष्ट होती. मुलाने गाणे शिकतो म्हटले तर तो वाया गेला, असा निष्कर्ष निघे. मुलीने तसे म्हणणे तर संभवतच नसे. तंबोरा दरबारात, सतार बैठकीत आणि सारंगी कोठीवर, अशी वाद्यांची वाटणी ठरून गेली होती. ती मोडण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य, प्रकृती आणि अखेर डोक्यावरचे छप्परही घालवले, ते पं. विष्णु दिगंबर पलुस्कर.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. त्यामुळे टाळ, मृदंग आणि तंबोऱ्याची साथ हे या मुलाच्या घरातले रोजचे आवाज होते. त्यांच्या पुढील सगळ्या उद्योगाचे बीज या घरातच शोधावे लागते. देवापुढे गायले जाणारे गाणे सभ्य असते आणि ते बायकामुलांसह सर्वांनी ऐकायचे असते, हे त्यांना कोणी पटवून द्यावे लागले नाही.

बालपणीच दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ उडाला आणि दोन्ही डोळ्यांना जबर इजा झाली. जवळचे मोठे गाव म्हणून उपचारांसाठी त्यांना मिरजेस नेण्यात आले. दृष्टी पूर्णपणे गेली नाही, पण जी उरली ती शाळेचा अभ्यास झेपेल इतकी नव्हती. इंग्रजी शिकून नोकरी धरण्याचा मार्ग बंद झाला. उरले ते गाणे. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला आणि पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यासारखा गुरू लाभला. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविणारे म्हणून बुवांचे नाव सर्वतोमुखी होते. विष्णु दिगंबर त्यांच्याजवळ सुमारे नऊ वर्षे राहिले. शिस्त कडक होती आणि मेहनत तंबोऱ्यावर तासन् तास चाले.

मिरज हे गाव या चरित्रात योगायोगाने येत असले, तरी त्याच्याविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. १८५० च्या सुमारास येथील शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी तंबोरे आणि सतारी बनविण्यास सुरुवात केली होती. शिकलगारांचा मूळ धंदा शस्त्रांना धार लावण्याचा. इंग्रजी अंमल स्थिर झाला, तलवारी म्यानात गेल्या आणि या कारागिरांच्या हातचे काम गेले. दरबारात येणाऱ्या गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता त्यांनी नवी वाद्ये घडविण्याची विद्या हस्तगत केली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेकाठच्या शेतात पिकणारे कडू भोपळे वाळवून मिरजेला येत, आणि आजही येतात. हीच परंपरा चालविणाऱ्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एकतारीचा भोपळा आणि दरबारी तंबोऱ्याचा भोपळा एकाच जातीचा. फरक आकाराचा, तारांच्या संख्येचा आणि कारागिराच्या हाताचा. हे सारे विष्णु दिगंबरांच्या डोळ्यांसमोर, खरे म्हणजे कानांसमोर, घडत होते.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. त्यामागची एक हकिकत नेहमी सांगितली जाते. गावातील एका समारंभाचे निमंत्रण राजाश्रयामुळे विष्णु दिगंबरांना मिळाले, पण त्यांच्या गुरूंना मिळाले नाही. विचारणा केली तेव्हा बुवा केवळ गवई आहेत, या अर्थाचे उत्तर आले. आपण ज्यांच्या पायाशी बसतो, त्यांना हा समाज पंक्तीलाही बोलावीत नाही, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. गवयाला मान मिळवून द्यायचा तर राजाच्या मर्जीवर विसंबून चालणार नाही, गाणे लोकांच्या घरात गेले पाहिजे, हा विचार येथूनच पक्का झाला असावा.

पुढची पाच वर्षे भटकंतीत गेली. सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर अशी ती वाट आहे. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. पैसे देऊन कोणीही सामान्य माणसाने शास्त्रीय गाणे ऐकावे, ही कल्पना त्या काळी चमत्कारिक वाटणारी होती. गिरनारवर भेटलेल्या एका साधूने पंजाबात जाण्यास सांगितले, असे त्यांचे शिष्य सांगत. साधूचे राहू द्या, पण दाक्षिणात्य ब्राह्मण गवयाने ओळखीपाळखीचा मुलूख सोडून थेट लाहोर गाठावे, हे धाडसच होते. तेथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. राजाच्या देणगीवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारी ही संगीतशाळा होती.

शाळा उघडली, पण विद्यार्थी येईनात. सुरुवातीचे दिवस विष्णु दिगंबर ठरल्या वेळी येत, तंबोरा जुळवून बसत आणि एकटेच रियाज करीत. वर्गाची वेळ संपली की उठत. हळूहळू मुले येऊ लागली, नंतर मुली आणि स्त्रियाही. स्त्रियांसाठी स्वतंत्र वर्ग निघाले. गायनाबरोबर सतार, तबला, मृदंग यांचे शिक्षण सुरू झाले. प्रार्थना, वेळापत्रक, इयत्ता, परीक्षा, पदवीदान असा सारा शाळेचा सरंजाम त्यांनी संगीताला आणला.

एखाद्या घरात वाद्य येते म्हणजे नेमके काय होते, याचा त्यांच्याइतका बारकाईने विचार त्यापूर्वी कोणी केलेला दिसत नाही. वाद्य आणून भिंतीला टेकवून ठेवले की काम झाले, असे नसते. ते जुळवता आले पाहिजे. शिकवायला माणूस हवा, आणि माणूस नसेल तर पुस्तक हवे. गायचे काय, हाही प्रश्नच. मोडले तर दुरुस्ती कोठे करायची? यातील प्रत्येक गोष्टीसाठी त्यांनी काही ना काही व्यवस्था उभारली.

पुस्तकांची कथा तर स्वतंत्र लेखाचा विषय होईल. संगीत बालबोध, संगीत बालप्रकाश, महिला संगीत, अनेक भागांतील राग प्रवेश, अशी त्यांच्या ग्रंथांची नामावळी मोठी आहे. नावेच पाहिली तरी ती कोणासाठी लिहिली, हे कळते. उस्तादाच्या पायाशी वर्षानुवर्षे बसण्याची सोय नसलेले मूल आणि घराबाहेर पडण्याची मुभा नसलेली स्त्री, हे त्यांचे वाचक. ज्या माणसाला स्वतःला छापील अक्षर वाचणे कठीण होते, त्याने छापखाना घातला, स्वरलिपी तयार केली, संगीतामृत प्रवाह नावाचे मासिक चालविले. त्यांची स्वरलिपी मात्र नवशिक्याला सोपी नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्रांच्या निरनिराळ्या खुणांची तिच्यात इतकी गर्दी होती, की त्यांचे समकालीन पं. विष्णु नारायण भातखंडे यांची सुटसुटीत पद्धतीच पुढे अधिक पसरली. तरीही पुस्तक समोर ठेवून घरी गाणे शिकता येते, ही हिंमत हजारोंना मिळाली.

गाण्यांच्या शब्दांबाबत ते कमालीचे दक्ष होते. जुन्या बंदिशींतील शृंगार घरात, सासूसासऱ्यांसमोर, लहान मुलांच्या तोंडी शोभणार नाही म्हणून त्यांनी अनेक ठिकाणी भक्तिपर शब्द योजिले. तुलसीदास, सूरदास, मीरा यांची पदे रागांत बांधली. कीर्तनकाराच्या मुलाला हे सुचणे स्वाभाविकच म्हणायचे. देवघरासमोर तंबोरा ठेवला की त्याच्यावरचा बट्टा आपोआप पुसला जातो, हे त्यांनी ओळखले होते.

याची दुसरी बाजूही आहे आणि अलीकडच्या अभ्यासकांनी ती पुढे आणली आहे. तंबोरा आणि सतार शतकभर ज्यांनी सांभाळली, त्या मुसलमान उस्तादांच्या आणि गाणाऱ्या कलावंतिणींच्या घरांना या नव्या, सोवळ्या संगीतात मानाची जागा उरली नाही. वाद्य घरात आले, पण ते ज्यांच्या घरातून आले त्यांना दाराबाहेरच थांबावे लागले. विष्णु दिगंबरांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या मिरजेच्या मुसलमान कारागिरांनी घडविलेल्या तंबोऱ्यांचा सूर मराठी घरांत घुमला, त्या मिरजेचा विद्यार्थी म्हणून ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

येथे तंबोऱ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो मोठा दिसतो म्हणून अवघड वाटतो. प्रत्यक्षात वाजवायला त्याच्याइतके सोपे वाद्य नाही. पडदे नाहीत, नखी नाही, डाव्या हाताला काम नाही. चार तारा, साधारणपणे पंचम, दोन षड्ज आणि खर्ज, एकामागून एक बोटाने छेडायच्या. सात-आठ वर्षांचे मूल हे एका बैठकीत शिकते. अवघड आहे ते जुळविणे. खुंटी किंचित फिरवणे, तारेतील मणी केसभर सरकवणे, घोडीवर जव्हारीसाठी सुताचा धागा नेमक्या जागी बसवणे, यासाठी कान तयार व्हावा लागतो. विष्णु दिगंबरांच्या शिक्षणाचा आरंभ आवाजाइतकाच कानापासून होई. १९७९ मध्ये बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला आणि आता तर मोबाईलवरही तंबोरा लावता येतो. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण जुळविण्याची ती पाच-दहा मिनिटे, ज्यात घरातले सारे बोलणे थांबे, ती मात्र गेली.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. लाहोरचे काम शिष्यांवर सोपविले. मुंबईत प्रतिसाद भरघोस होता. गिरगावातील मध्यमवर्गीय वस्तीला हवे होते तेच त्यांनी आणले होते. विद्यालयाबरोबर छापखाना होता, तसेच वाद्ये बनविण्याचे आणि दुरुस्तीचे कामही चाले. दुरून पाहता हा व्याप व्यापारी वाटेल, पण त्यामागचे गणित निराळे होते. उपदेशक वर्गातील विद्यार्थी नऊ वर्षे शिकण्याचा करार करून राहत. त्यांच्या जेवणाखाण्याचा, राहण्याचा भार विद्यालयावर असे आणि शिकून झाल्यावर त्यांनी गावोगाव जाऊन शिकवावे, अशी अपेक्षा असे. म्हणजे घरात वाद्य नेण्याआधी त्या घरात जाऊ शकेल असा निर्व्यसनी, नीटनेटका, वेळ पाळणारा शिक्षक तयार करणे, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. आईबाप मुलीला कोणाच्या हाती सोपवितील, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांनी माणसे घडवून दिले.

सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची टोलेजंग इमारत उभी राहिली, ती कर्ज काढून. ते फेडण्यासाठी विष्णु दिगंबर देशभर जलसे करीत हिंडले. पण व्याज वाढत गेले आणि अखेर १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात सावकारांनी इमारत लिलावात काढली. वाद्ये, पुस्तके, संसार असे सारे त्या इमारतीत होते. पन्नाशीत पोचलेल्या माणसाने नव्याने आरंभ करावा, असे वय ते नव्हते.

घरातील आघात याहून खोल होते. त्यांना बारा अपत्ये झाली, पैकी अकरा लहानपणीच गेली. बालबोध आणि बालप्रकाश लिहून दुसऱ्यांच्या मुलांच्या गळ्यात सूर घालणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात पाळणा पुनःपुन्हा रिता होत राहिला. उरलेला मुलगा दत्तात्रेय याचा जन्म २८ मे १९२१ चा.

या काळात त्यांचे मन रामभक्तीकडे वळले. नाशिकला पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला, भगवी वस्त्रे धारण केली आणि तुलसीरामायणावर गायनासह प्रवचने करू लागले. रघुपती राघव राजाराम या धुनेची देशभर रुळलेली चाल त्यांचीच. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ मध्ये काकीनाड्याला अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली असताही त्यांनी ते पुरे केले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. दरबारी गवई होण्यासाठी तयार झालेला हा गायक उतारवयात पुन्हा वडिलांच्या कीर्तनाच्या पाटावर येऊन उभा राहिला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

प्रकृती खालावल्यावर त्यांना मिरजेस आणण्यात आले. ज्या गावात डोळ्यांवर उपचारांसाठी आणि पुढे गाणे शिकण्यासाठी ते आले होते, तेथेच २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अहमदाबादेत शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या ज्या परीक्षांची नावे आज महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही पाठ असतात, त्या याच मंडळाच्या. विष्णु दिगंबरांच्या हयातीत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्यांच्या विद्यालयाची शाखा तेथील खेड्यांपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. आता तेथील जिल्ह्यांच्या गावांतही मुले या परीक्षांना बसतात. एकतारी ज्यांच्या घरात आधीपासून होती, त्यांच्या नातवंडांपर्यंत तंबोरा असा उशिरा आणि वळसा घेऊन आला.

शिष्यांची यादी विस्मयकारक आहे. पं. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले आणि तेथील मुलाबाळांसह साऱ्यांना त्यांनी प्रार्थना गायला शिकविले. प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत संगीत विद्यालय काढले. पं. विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. पं. ओंकारनाथ ठाकूर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गेले. पं. नारायणराव व्यासांच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत वाजल्या. यांतील बहुतेकांनी मैफली गाजविल्याच, पण शिकविणे सोडले नाही. गुरूंचा तो वसा होता.

दरम्यान घरांत इतर वाद्येही आली. जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये तयार झालेले, टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले तंतुवाद्य बुलबुलतरंग होऊन आपल्याकडे पोचले. पुढे अनेक मराठी मुलांच्या हाती पडलेले पहिले तारांचे वाद्य तेच होते. पेटीने तर तंबोऱ्याला पुष्कळ घरांतून हुसकावूनच लावले. मुलीला गाता-वाजवता येते, हे विवाहाच्या बोलणीत अभिमानाने सांगितले जाऊ लागले, ते या साऱ्या उलथापालथीनंतर. पन्नास वर्षांपूर्वी हेच वाक्य सोयरीक मोडायला पुरेसे झाले असते.

वडील गेले तेव्हा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. त्याला शिकविण्याची जबाबदारी विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी घेतली. पुढे डी. व्ही. पलुस्कर या नावाने कीर्ती मिळविलेला हा गायक १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. पण त्याची पहिली मोठी मैफल झाली ती चौदाव्या वर्षी, १९३५ मध्ये, पंजाबातील जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात. लाहोरला पोचण्याआधी त्याचे वडील तंबोरा घेऊन ज्या गावांतून गेले, त्यांपैकीच ते एक गाव.